वस्तूपासून भिंतीकडे : नागपुरात कलासंग्रहालयासाठी प्रदर्शन कसे रचावे

कलासंग्रहालयातील प्रदर्शन-रचनाकाराचे काम म्हणजे सजावट, असा समज आपल्याकडे अजूनही घट्ट आहे. भिंतीला कोणता रंग द्यायचा आणि उद्घाटनाच्या दिवशी प्रवेशद्वाराशी काय मांडायचे, एवढ्यापुरते त्याला बोलावले जाते आणि तेही बहुधा चित्रांची यादी, तारीख व निमंत्रणपत्रिका ठरून गेल्यावर. प्रत्यक्षात हे काम वस्तूपासून सुरू होते. तिला किती उजेड सोसतो, कोणती हवा मानवते, तिचे वजन कशावर पेलायचे आणि ती किती अंतरावरून पाहिली जावी, या चार प्रश्नांची उत्तरे हाती आली की भिंत, रंग आणि अक्षरे यांचे निर्णय बरेचसे मार्गी लागतात. उलट क्रमाने गेल्यास प्रत्येक निर्णय दोनदा घ्यावा लागतो आणि दुसऱ्यांदा घेताना पैसे संपलेले असतात.

नागपूरकरांना संग्रहालय म्हटले की आधी अजब बंगला आठवतो. १८६३ साली स्थापन झालेल्या या मध्यवर्ती संग्रहालयात शिल्पे, शिलालेख, शस्त्रे, आदिवासी कला आणि चित्रे एकाच छताखाली आहेत. त्याच सिव्हिल लाइन्समध्ये दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राची प्रदर्शने होतात. महानगरांतील मोठ्या संग्रहालयांच्या मानाने इथली बहुतेक प्रदर्शने लहान असतात : एक दालन, मोजका निधी, स्थानिक सुतार आणि महिना-दीड महिन्याची मुदत. हा लेख अशाच कामासाठी आहे. समजुतीसाठी जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरचे १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि ४.२ मीटर उंच असे एक दालन आणि ४८ कलाकृतींची यादी धरली आहे. त्यात जलरंग, तैलचित्रे, काही गोंड चित्रे आणि दोन दगडी शिल्पे आहेत.

यादी आधी, कल्पना नंतर

अभिरक्षकांकडून, म्हणजे क्युरेटरकडून, पहिली बैठक संपताना मागायची गोष्ट म्हणजे वस्तूंची पूर्ण यादी. बहुतेक वेळा मिळते ती चित्रकाराचे नाव, शीर्षक आणि वर्ष एवढीच. ती रचनेसाठी पुरेशी नसते. प्रत्येक वस्तूपुढे चौकटीसह लांबी, रुंदी आणि खोली, वजन, माध्यम, पृष्ठभाग, सध्याची स्थिती, मागच्या बाजूला टांगण्याची सोय आणि मालकी हे रकाने असावेत. चौकटीशिवायची मापे घेऊन भिंत आखणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. चार इंची चौकट दोन्ही बाजूंनी धरली की चित्र २० सेंटिमीटरने रुंद होते आणि दहा चित्रांच्या ओळीत दोन मीटरचा घोळ होतो.

शिल्पांचे वजन अंदाजाने लिहू नये. आपल्या भागात बेसाल्टची शिल्पे पुष्कळ आहेत आणि बेसाल्टचे वजन घनमीटरला साधारण २,९०० किलो भरते. ६० सेंटिमीटर उंच, ४० रुंद आणि २५ जाड अशी शिळा दिसायला बेताची वाटते, पण तिचे घनफळ ०.०६ घनमीटर, म्हणजे वजन १७० किलोच्या आसपास. ती उचलायला किती माणसे लागतील, दालनाच्या दारातून ट्रॉली जाईल का आणि चौथरा पोकळ प्लायवूडचा चालेल की आतून लोखंडी सांगाडा लागेल, हे सगळे त्या एका रकान्यावरून ठरते.

स्थितीचा रकाना संवर्धनतज्ज्ञांनी भरावा. ते उपलब्ध नसतील तर रचनाकाराने निदान प्रत्येक वस्तूची पुढून, मागून आणि चारही कोपऱ्यांची छायाचित्रे तारखेसह काढून ठेवावीत. रंगाचा पोपडा आधीच सुटलेला होता की टांगताना सुटला, हा वाद छायाचित्राशिवाय मिटत नाही.

दालन मोजणे आणि हवा समजून घेणे

दालनाची मापे इमारतीच्या जुन्या नकाशावरून घेऊ नयेत, टेपने घ्यावीत. जुन्या बांधकामात समोरासमोरच्या भिंती क्वचितच सारख्या असतात आणि कोपरे काटकोनात नसतात. मापे घेताना खिडक्या, पंख्यांचे हूक, विजेचे बोर्ड, स्कर्टिंगची उंची आणि भिंतीचा गिलावा कशाचा आहे, याची नोंद करावी. चुन्याच्या जुन्या गिलाव्यात स्क्रू पकडून ठेवणारा साधा रावळ प्लग धरत नाही. तो फिरतो आणि भोक मोठे होत जाते. तिथे भिंतीपुढे प्लायवूडचे अस्तर उभे करणे किंवा वरच्या पट्टीवरून तारेने टांगणे हे दोनच शहाणपणाचे मार्ग आहेत. भिंतीला पावसाळ्यात ओल येते का, हे चौकीदाराला विचारावे. अहवालात जे नसते ते त्याला ठाऊक असते.

नागपुरात मात्र सर्वांत जास्त लक्ष द्यायचे ते हवेकडे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि दुपारी हवेतील सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली येते. ऑगस्टमध्ये तीच ८० टक्क्यांच्या वर असते. कागद, लाकूड, कॅनव्हास आणि सरस हे सारे पदार्थ हवेतला ओलावा घेतात व सोडतात. हवा कोरडी झाली की ते आक्रसतात, दमट झाली की फुगतात. त्यांवर बसलेला रंगाचा थर तेवढा लवचीक नसतो, म्हणून त्याला चिरा जातात. आजची बरीच संग्रहालये ४० ते ६० टक्के आर्द्रता आणि १६ ते २५ अंश तापमान ही मर्यादा मानतात. एखादा आकडा गाठण्यापेक्षा एका दिवसात होणारा चढउतार रोखणे अधिक महत्त्वाचे असते.

इथे आपला कूलर आडवा येतो. वैदर्भीय उन्हाळ्यात घरातला कूलर हा जिव्हाळ्याचा विषय आहे, पण चित्रांच्या दालनात तो नको. तो पाणी हवेत सोडूनच गारवा देतो. सकाळी दहाला कोरड्या दालनात कूलर सुरू झाला की दोन-तीन तासांत आर्द्रता दुपटी-तिपटीने चढते, संध्याकाळी पाचला बंद झाला की रात्रीतून पुन्हा उतरते. रोजचा हा हेलकावा कागदाला आणि कॅनव्हासला मे महिन्याच्या नुसत्या कोरडेपणापेक्षा अधिक बाधतो. दिवसा चालू आणि रात्री बंद ठेवलेला एअर कंडिशनरही हाच अपाय उलट दिशेने करतो. यंत्रे चोवीस तास चालवण्याची ऐपत नसेल तर ती मुळीच न चालवता जाड भिंती, बंद खिडक्या, जाड पडदे आणि बंदिस्त चौकटी यांवर विसंबावे, असे माझे मत आहे. प्रेक्षकांना उकडेल हे खरे. म्हणूनच नाजूक कागदी कामांचे प्रदर्शन एप्रिल ते जूनमध्ये न ठेवता नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवण्याचा आग्रह रचनाकाराने पहिल्याच बैठकीत धरावा. कामाला लागण्यापूर्वी किमान दोन आठवडे दालनात एक डेटालॉगर ठेवावा. तो तापमान आणि आर्द्रता दर पंधरा मिनिटांनी नोंदवतो. त्याचा आलेख कोणत्याही बैठकीत तोंडी युक्तिवादापेक्षा भारी पडतो.

भिंतीची बेरीज आणि पावलांची दिशा

आता आकडेमोड. दालनाची परिमिती ४० मीटर. दारे, खिडक्या आणि बोर्ड यांचे ७ मीटर वजा केले की वापरायला ३३ मीटर उरतात. चित्राची सरासरी रुंदी चौकटीसह ७० सेंटिमीटर आणि दोन चित्रांमधले अंतर ४० सेंटिमीटर धरल्यास एका चित्राला १.१ मीटर लागतो, म्हणजे भिंतींवर ३० चित्रे मावतात. यादीत शिल्पे वगळून ४६ चित्रे आहेत. चार-चार मीटरचे दोन दुहेरी पडदे, म्हणजे सुट्या भिंती, मध्ये उभ्या केल्या तर आणखी १६ मीटर मिळतात आणि १४ चित्रे बसतात. दोन चित्रे तरी उरतातच. अशा वेळी तिसरी भिंत घालण्याचा मोह होतो. तो टाळावा आणि अभिरक्षकांसमोर ही बेरीज ठेवून दोन चित्रे कमी करण्याची विनंती करावी. तिसऱ्या भिंतीमुळे दालनातल्या वाटा अरुंद होतात आणि मोठ्या चित्रांपासून मागे सरकायला जागा उरत नाही. ढोबळमानाने चित्राच्या कर्णाच्या दीडपट अंतरावरून ते पूर्ण पाहता येते. दीड मीटर बाय १.२ मीटरच्या कॅनव्हाससाठी हे अंतर जवळजवळ २.९ मीटर होते.

वाट कुठेही ९० सेंटिमीटरपेक्षा अरुंद नसावी आणि चाकाच्या खुर्चीला वळण्यासाठी १५० सेंटिमीटर व्यासाची मोकळी जागा प्रत्येक टोकाला असावी. उंबरठ्याशी रॅम्प लागत असेल तर चढ १ : १२ पेक्षा तीव्र नको, १० सेंटिमीटर उंचीसाठी १.२ मीटर लांबी धरावी. प्रवेशाजवळच्या पहिल्या फलकापुढे किमान तीन मीटर मोकळे सोडावे, कारण शाळेची चाळीस मुले दारातून एकदम आत येतात आणि बाईंचे सांगून होईपर्यंत तिथेच थांबतात.

प्रेक्षकाने कोणत्या बाजूने फिरावे, हा प्रश्न परदेशी पुस्तकांच्या आधारे सोडवला की उत्तर हमखास 'उजवीकडे वळा' असे येते. आपल्याकडे डावीकडून सुरुवात अधिक सोयीची आहे, असे मला वाटते. देवनागरी डावीकडून उजवीकडे वाचली जाते. भिंतीकडे तोंड करून वाचत वाचत माणूस उजवीकडे सरकतो, म्हणजे दालनात घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो आणि प्रदक्षिणेची दिशाही तीच. तेव्हा दारातून आत आल्यावर डाव्या हाताची भिंत ही पहिली भिंत ठरवावी आणि तिकडे पाय वळेल असे काहीतरी तिथे ठेवावे : सर्वांत जास्त उजळलेले चित्र किंवा एखादे शिल्प. बाणांच्या पाट्या शक्यतो लावू नयेत. बाण लागतोच असे वाटले की रचनेत कुठेतरी गाठ पडली आहे, असे समजावे.

या टप्प्यावर १ : २५ प्रमाणाची पुठ्ठ्याची प्रतिकृती करावी. संगणकावरची त्रिमितीय चित्रे निधी मंजूर करून घ्यायला चांगली. पण सगळी चित्रे टिकलीएवढी छापून पुठ्ठ्याच्या भिंतींवर अभिरक्षकांसोबत बसून हलवता येतात, तेव्हाच कोणते चित्र कोणाशेजारी बोलते आणि कोणाला झाकते, ते दिसते. त्यानंतर प्रत्येक भिंतीचा १ : २० प्रमाणात उभा आराखडा काढावा. त्यात चित्र, लेबल, बोर्ड आणि दिव्याची जागा मापासह असावी. सुतार, रंगारी आणि इलेक्ट्रिशियन तिघेही याच कागदावरून काम करणार असतात.

उजेडाचा हिशेब

उजेड हा कलाकृतीचा सर्वांत मोठा शत्रू आहे आणि तोच तिला दाखवतो, म्हणून त्याचा हिशेब लक्समध्ये (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे एकक) आणि तासांत ठेवावा लागतो; दोन्हींचा गुणाकार म्हणजे लक्स-तास. कागदावरची कामे, जलरंग आणि वस्त्रे यांच्यावर ५० लक्स, तैलचित्रांवर २०० लक्स ही मर्यादा जगभर पाळली जाते. दगड आणि धातू यांना ही मर्यादा लागू नाही. पण ५० लक्स म्हणजे अपाय नाही, असा अर्थ नव्हे; अपाय साठत जातो. प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने २००४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार मध्यम संवेदनशील वस्तूंना, ज्यांत जलरंग येतात, वर्षाला १,५०,००० लक्स-तास आणि अतिसंवेदनशील वस्तूंना फक्त १५,००० लक्स-तास मिळावेत.

या दुसऱ्या आकड्याचा अर्थ करून पाहा. १५,००० भागिले ५० म्हणजे ३०० तास. दालन रोज सात तास उघडे असेल तर ४३ दिवसांत वर्षाचा कोटा संपतो. झाडूवाले सकाळी आणि चौकीदार संध्याकाळी अर्धा-अर्धा तास तेच दिवे वापरत असतील तर ३८ दिवसांत. म्हणून साफसफाईसाठी वेगळा, चित्रांवर न पडणारा दिवा आणि वेगळे बटण द्यावे. इतक्या स्वस्तात पाच दिवस वाचवणारा दुसरा उपाय नाही.

गोंड चित्रांचा प्रश्न इथेच येतो. मध्य प्रदेशातील पाटनगढच्या जनगढसिंह श्याम यांच्यापासून परधान गोंड चित्रकला कागदावर आणि कॅनव्हासवर आली. भोपाळचे भारत भवन १९८२ साली सुरू झाले आणि त्या काळापासून या शैलीला संग्रहालयांत जागा मिळाली. त्यातली बरीच कामे कागदावर, पोस्टर कलरमध्ये किंवा शाईत आहेत आणि त्या बाजारी रंगांत कोणती रंगद्रव्ये होती, ते प्रत्येक वेळी सांगता येत नाही. ज्याचा रंग माहीत नाही त्याला अतिसंवेदनशील धरावे. प्रदर्शन तीन महिन्यांचे असेल तर अशा चित्रांचे दोन-तीन संच करून दर महिन्याने बदलावेत. लेबलेही तशी आधीच छापून ठेवावीत.

खिडक्यांतून येणारा नागपूरचा दुपारचा उजेड हजारो लक्सचा असतो आणि त्यासोबत अतिनील किरणही येतात. काचेवर अतिनील रोखणारी फिल्म लावावी, पण ती दृश्य उजेड पुरेसा अडवत नाही. त्यासाठी बाहेरून चिक आणि आतून जाड पडदा हवाच. चांगल्या एलईडी दिव्यांत अतिनील किरण नगण्य असतात. घेताना खोक्यावर रंगदर्शकता (सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० किंवा अधिक आणि रंगतापमान २,७०० ते ३,५०० केल्व्हिन आहे ना, हे पाहावे. सीताबर्डीच्या दुकानांत मिळणारे साधे स्पॉटलाइट बहुधा ८० रंगदर्शकतेचे असतात आणि त्यांच्या उजेडात लाल व तपकिरी छटा मरतात.

दिवा भिंतीपासून किती दूर लावायचा? उभ्या रेषेपासून ३० अंशांचा कोन साधला की काचेवर चमक येत नाही आणि चौकटीची सावलीही फार पडत नाही. ट्रॅक, म्हणजे दिवे बसवायची पट्टी, ३.६ मीटर उंचीवर आणि चित्राचा मध्य १.४८ मीटरवर असेल तर फरक २.१२ मीटर, त्याला ०.५८ ने गुणले की १.२ मीटरच्या थोडे वर उत्तर येते. एवढ्या अंतरावर ट्रॅक असावा. चौकट खूप जाड असेल तर दिवा थोडा दूर न्यावा. लक्समीटर चित्रासमोर हवेत धरायचा नसतो. चित्राच्या पृष्ठभागाशी समांतर, अगदी जवळ पण न टेकवता धरावा आणि मध्यासह चारही कोपऱ्यांची नोंद घ्यावी.

दालनात ५० लक्स अंधारलेले वाटते अशी तक्रार येतेच. तिचा उपाय लक्स वाढवण्यात नाही. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून प्रवेशाचा बोळ मध्यम उजेडाचा ठेवावा, भिंतींचा रंग पांढराशुभ्र न ठेवता थोडा करडा किंवा मातकट ठेवावा आणि कागदी कामे दाराजवळ न लावता आत लावावीत. पांढऱ्या भिंतीच्या तुलनेत मंद उजळलेले चित्र काळे दिसते. करड्या भिंतीवर तेच चित्र प्रकाशमान वाटते.

प्लायवूड, काच आणि वास

लकडगंजात सागवानापासून एमडीएफपर्यंत सगळे मिळते आणि सुतारही तिथलेच असतात. सुट्या भिंतींसाठी १८ मिलिमीटरचे, आयएस ७१० या भारतीय मानकाचे प्लायवूड घ्यावे. पावसाळ्यात ते फुगत नाही आणि वाळवीप्रतिबंधक प्रक्रिया केलेलेही मिळते. पण भिंतीला जे चालते ते काचपेटीच्या आत चालेलच असे नाही. लाकूड, प्लायवूड आणि एमडीएफ यांतून ॲसिटिक आणि फॉर्मिक आम्लाच्या वाफा व फॉर्माल्डिहाइड बाहेर पडत राहते. उघड्या दालनात ते विरून जाते, पण बंद पेटीत साठते. शिशाची नाणी आणि मुद्रा अशा पेटीत पांढऱ्या पडतात, तांब्या-पितळेवर हिरवट थर येतो. ब्रिटिश म्युझियममध्ये १९७३ साली सुचवलेली एक चाचणी यासाठी आजही वापरतात : चांदी, तांबे आणि शिसे यांच्या पट्ट्या त्या साहित्याच्या तुकड्यासोबत थोड्या पाण्यासह बंद नळीत ६० अंशांवर २८ दिवस ठेवायच्या आणि गंज पाहायचा. एवढी सोय नसेल तर पेटीचा आतला भाग पावडर कोटिंग केलेल्या लोखंडी पत्र्याचा करावा, किंवा लाकडावर ॲल्युमिनियम फॉइलचा अडथळा देऊन वर धुतलेले, बिनरंगी सुती कापड ताणावे. गांधीबागेतून आणलेले रंगीत वेल्वेट कितीही शोभिवंत दिसले तरी पेटीत नको. फ्लेक्स आणि सनबोर्डही नको.

रंग दिल्यानंतर दालन किमान दोन आठवडे, शक्य असल्यास चार, रिकामे आणि हवेशीर ठेवावे. उद्घाटनाच्या आदल्या रात्री रंगाचा शेवटचा हात मारण्याची आपली प्रथा चित्रांच्या जिवावर उठणारी आहे.

ॲक्रिलिकची काच हलकी आणि सुरक्षित असते, पण ती स्थिर विजेने धूळ आणि सुटे कण ओढते. कोळशाची आणि पेस्टलची चित्रे तिच्यामागे कधीही लावू नयेत. त्यांना काचच हवी. मे महिन्याच्या कोरड्या हवेत हा परिणाम अधिकच वाढतो.

लेबल लिहिणे आणि छापणे

लेबलाचा मजकूर अभिरक्षक लिहितात, तरी त्याची लांबी रचनाकाराने ठरवावी. प्रास्ताविक फलक १५० शब्दांपर्यंत, उपविभागाचा १०० पर्यंत आणि वस्तूचे लेबल ५० च्या आत. नागपुरात मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही भाषा लागतात, कारण मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधून येणारे प्रेक्षक पुष्कळ असतात. तीन भाषांत ५० शब्द म्हणजे दीडशे शब्द, आणि हात-दीड हाताच्या चित्राशेजारी दीडशे शब्दांचे लेबल चित्राला खाऊन टाकते. त्यामुळे कपात अपरिहार्य असते आणि ती विशेषणांपासून सुरू करावी.

उदाहरणार्थ, जुन्या बाजाराच्या एखाद्या जलरंगचित्राचे लेबल असे येते : 'चित्रकाराने आपल्या सिद्धहस्त कुंचल्यातून जुन्या बाजाराचे अत्यंत मनोवेधक व जिवंत दर्शन घडवले आहे.' हे वाक्य कोणत्याही चित्राखाली चालेल, म्हणजे या चित्राखाली त्याचा उपयोग नाही. त्याऐवजी असे लिहावे : 'डावीकडच्या दुकानाच्या छपरावर कागद कोराच सोडला आहे. दुपारचे ऊन पांढऱ्या रंगाने नव्हे, कागदाने दिले आहे.' प्रेक्षकाची नजर लगेच त्या छपराकडे जाते. लेबलाने एवढे केले तरी पुरे. माध्यमही 'जलरंग' एवढेच न लिहिता 'कागदावर जलरंग' असे लिहावे.

देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे रोमन अक्षरांच्या मापाने ओळींमधले अंतर ठेवल्यास मजकूर गिचमिड होतो. लेबलासाठी २४ पॉइंट, फलकासाठी ४० पॉइंटच्या पुढे आणि ओळींचे अंतर दीडपट, ही सुरुवात म्हणून ठीक आहे. फॉन्टमध्ये मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' आहेत का आणि 'ऱ्य' नीट जुळतो का, हे छापण्याआधी पाहावे. बरेच छपाईवाले हिंदी वळणाचा फॉन्ट सर्रास वापरतात आणि मराठी वाचकाला ते चटकन खटकते. नमुना प्रत्यक्ष आकारात छापून, भिंतीवर १२० ते १४० सेंटिमीटर उंचीवर चिकटवून आणि प्रदर्शनाच्याच मंद उजेडात साठीच्या पुढच्या कोणाला तरी वाचायला द्यावा. चकचकीत लॅमिनेशन करू नये. दिवा त्यात दिसतो.

टांगणी

टांगणीच्या दिवसांत दालनात फक्त टांगणारे असावेत. सुतारकाम, रंगकाम आणि वायरिंग पूर्ण होऊन जमीन झाडून-पुसून घेतल्याशिवाय एकही चित्र आत आणू नये. चित्रे आली की ती आपापल्या जागी भिंतीला टेकवून, खाली फोमचे तुकडे ठेवून, मांडावीत आणि एक रात्र तशीच राहू द्यावीत. सकाळी ताज्या डोळ्यांनी पाहिल्यावर निदान दोन-तीन अदलाबदली सुचतात.

सर्व चित्रांचे मध्य एका रेषेवर ठेवण्याची पद्धत सर्वांत सोपी आहे. ही रेषा आपल्याकडे १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवावी. बालप्रेक्षक जास्त असतील तर १४० वर. हूकची उंची काढण्याचे सूत्र असे : मध्यरेषेची उंची, अधिक चौकटीची अर्धी उंची, वजा तार ताणल्यावर ती चौकटीच्या वरच्या कडेपासून जितकी खाली येते ते अंतर. चौकट ९२ सेंटिमीटर उंच असेल आणि ताणलेली तार कडेपासून ७ सेंटिमीटर खाली येत असेल, तर १४८ अधिक ४६ वजा ७, म्हणजे हूक १८७ सेंटिमीटरवर. हे प्रत्येक चित्राचे गणित आदल्या दिवशी कागदावर करून ठेवावे. भिंतीवर पेन्सिल चालवण्याऐवजी रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर खुणा कराव्यात. आडव्या रेषेसाठी लेसर लेव्हल, उभीसाठी ओळंबा वापरावा. चित्र टांगल्यावर पाणसळ चौकटीच्या वरच्या कडेवर ठेवून पाहावी. छत किंवा स्कर्टिंग तिरके असेल तर मात्र पाणसळीने बरोबर असलेले चित्र डोळ्यांना वाकडे दिसते. तिथे डोळ्यांचे ऐकावे. प्रत्येक चित्राला एका हूकऐवजी दोन हूक द्यावेत, म्हणजे धक्क्याने ते फिरत नाही.

माणसे, कागद आणि कॅलेंडर

सरकारी संग्रहालयाचे काम निविदेने किंवा जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून होते आणि बहुतेकदा सर्वांत कमी दराला मिळते. त्यामुळे दर्जा राखण्याचे एकमेव साधन म्हणजे तपशिलाची भाषा. 'उत्तम प्रतीचे प्लायवूड' असे लिहिल्यास काहीही येते. जाडी, आयएस क्रमांक, फिनिशचा प्रकार आणि कडांची पट्टी लिहिल्यास नाकारण्याचा अधिकार राहतो. एकूण खर्चाच्या दहा टक्के रक्कम अनपेक्षित कामांसाठी वेगळी दाखवावी.

वेळापत्रक आखताना पंचांग आणि विधिमंडळ दोन्ही पाहावेत. पोळा, तान्हा पोळा आणि मारबतीच्या दिवसांत सुतार-रंगारी येत नाहीत, हे गृहीत धरावे. डिसेंबरच्या हिवाळी अधिवेशनात सिव्हिल लाइन्स भागात बंदोबस्त असतो, सामानाचा टेम्पो वेळेवर पोहोचेल याची खात्री नसते आणि बाहेरून येणाऱ्या संवर्धनतज्ज्ञांना खोली मिळणे कठीण होते. उलट दसऱ्याच्या सुमारास धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि त्यांतले अनेक शहरही पाहतात. त्या आठवड्यात दालन बंद ठेवून टांगणी करणे म्हणजे वर्षातला मोठा प्रेक्षकवर्ग गमावणे.

या कामात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडक्यात : नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयातील उपयोजित कला किंवा व्हीएनआयटीतील वास्तुकला हा चांगला पाया आहे; पुढे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत या विषयाचे शिक्षण मिळते आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्र शिकवले जाते. पदवी कोणतीही असो, सहा महिने एखाद्या फ्रेमवाल्याकडे आणि काही काळ सुताराकडे बसल्याशिवाय आराखडे कागदावरून उठत नाहीत. कायमस्वरूपी पदे फार थोडी असल्याने बहुतेकांना कंत्राटी पद्धतीने काम करावे लागते. तेव्हा करारात आराखड्यांचे शुल्क आणि उभारणीच्या देखरेखीचे शुल्क वेगवेगळे लिहून घ्यावे.

प्रदर्शन सुरू असताना आणि उतरवताना

उद्घाटनानंतर पहिल्या आठवड्यात रचनाकाराने किमान दोन वेळा, गर्दीच्या आणि निवांत अशा दोन्ही वेळी, दालनात उभे राहून लोक कुठे थांबतात, कुठे वाकतात आणि कोणते लेबल वाचायला काचेवर हात टेकतात, ते पाहावे. एखादे लेबल १० सेंटिमीटर वर घेणे, एखादा दिवा थोडा फिरवणे, एखादा बाक हलवणे ही दुरुस्ती याच आठवड्यात होते. नंतर कोणी करत नाही. डेटालॉगरची नोंद दर आठवड्याला आणि लक्सची नोंद दर महिन्याला संग्रहालयाच्या वहीत लिहिली जाईल, अशी जबाबदारी नावानिशी एकाकडे सोपवावी. पावसाळ्यात प्रत्येक चौकटीची मागची बाजू कसर आणि बुरशीसाठी पंधरा दिवसांनी तपासावी.

उतरवण्याचा क्रम टांगणीच्या उलट असतो आणि त्याला तेवढाच वेळ द्यावा. वस्तू निघताना प्रत्येकीची स्थिती पहिल्या छायाचित्रांशी ताडून अभिरक्षकांची सही घ्यावी. त्यानंतरच दिवे व पेट्या आणि शेवटी भिंती. सुट्या भिंती नटबोल्टच्या असतील तर पुढच्या प्रदर्शनाला त्या जशाच्या तशा वापरता येतात, म्हणून खिळ्यांनी ठोकलेले सांगाडे पहिल्यापासूनच नाकारावेत. भिंतींतली भोके बुजवून, बोर्ड तपासून दालन संग्रहालयाच्या ताब्यात द्यावे. त्यासोबत अंतिम आराखडे, प्रत्यक्ष खर्चाचा तक्ता, आर्द्रतेचे आलेख आणि प्रत्येक कलाकृतीला मिळालेल्या लक्स-तासांची यादी एका फायलीत बांधून अभिरक्षकांना द्यावी. ती जलरंगचित्रे पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणी मागितली, तर किती दिवस द्यायची हे त्याच यादीवरून ठरणार असते.